सतरा दिवसांचा खाडा

रुग्णालयाने मला फसवलं, आणि वर कागदावर लिहून दिलं की चूक माझीच आहे. तो डिस्चार्जचा कागद माझ्या कपाटात आहे. त्यात इंग्रजीतली दोन वाक्यं आहेत. मराठीत ती अशी होतात: रुग्णाने समुपदेशन नाकारले. रुग्णाने औषध स्वतःच्या मनाने बंद केले व स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू केले. खाली सही आणि शिक्का. ती दोन वाक्यं मला तिथून काढून हवी आहेत. पाच महिने मी त्यासाठी भांडते आहे.

मी हिंजवडीत मुलींचे पीजी चालवते. तीन इमारती आणि एक मेस. सुरुवात बारा डब्यांपासून केली होती. स्कूटरच्या पुढे सहा, मागे सहा. तेव्हापासून आजपर्यंत मी भाजीवाला, रंगारी, वीजवाला, घरमालक, यांपैकी कोणाचाही पहिला भाव मान्य केलेला नाही. मला लोक भांडखोर म्हणतात. म्हणू देत. ज्यांच्या खिशात बापाचे पैसे असतात त्यांना भांडावं लागत नाही.

आजार सुरू झाला तो पायापासून. जिना चढताना डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि मला कळायचंच नाही. मुली मागून हाक मारायच्या, "काकू, तुमची चप्पल." मग एका डोळ्यापुढे धूसर पडदा आला. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढलं, आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून आणि मणक्यातून ज्या वायरी जातात, त्यांच्यावरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं. वायरिंग मला कळतं. प्लास्टिक गेलेली वायर कुठे, कधी स्पार्क मारेल, सांगता येत नाही.

नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. त्यात भावनेचा काही प्रश्न नव्हता. समोरचा माणूस आजारी आहे असं कळलं की भाव सांगणारा आवाज बदलतो, हे मी वीस वर्षं ऐकत आले आहे. घरमालकाला कळलं असतं तर पुढच्या करारात त्याने तिसऱ्या इमारतीचं भाडं माझ्या पायाकडे बघून सांगितलं असतं. सासरी सांगितलं, सांधेवात आहे. सांधेवाताला कोणी घाबरत नाही.

डॉक्टर चांगले आहेत. हळू बोलतात, कागदावरून नजर उचलून बोलतात. पण तीन मिनिटं बोलतात. त्यांनी सांगितलं की रोज एक कॅप्सूल घ्यायची, कायमची. त्याआधी तपासण्या करायच्या. हृदयाचा आलेख, डोळ्यांचा पडदा, यकृत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आणि लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही याची रक्ततपासणी. पहिली कॅप्सूल घरी घ्यायची नाही, रुग्णालयातच घ्यायची आणि सहा तास तिथेच पडून राहायचं.

"का?" मी विचारलं.

"नाडी थोडी मंदावते. लक्ष ठेवावं लागतं. बाकी सगळं तुम्हाला सिस्टर नीट समजावून सांगतील."

बाकी सगळं सिस्टर सांगतील. हे वाक्य लक्षात ठेवा.

खाली काउंटरवर पहिल्या दिवसाचं पॅकेज होतं. यादी छापील, आठ ओळींची. काउंटरमागे तिशीतला एक माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात पट्टी आणि पेन.

"यातलं काय कमी होईल?" मी विचारलं.

"मॅडम, पॅकेज आहे. फिक्स असतं."

"फिक्स काही नसतं. हे आहारतज्ज्ञ कशाला? मी रोज सव्वाशे माणसांचा स्वयंपाक बघते. त्यांना माझ्याकडे पाठवा, मीच चार गोष्टी शिकवते."

तो हसला. समोरचा हसला की काम निम्मं झालेलं असतं.

"बरं, ते काढतो."

"आणि हे समुपदेशन?"

"ते ऑप्शनल आहे."

"म्हणजे काय असतं त्यात?"

"सिस्टर बसून बोलतात, मॅडम. आजाराचं टेन्शन असतं ना लोकांना. मन मोकळं होतं."

"माझं मन मोकळंच आहे. काढा."

नवरा शेजारी उभा होता. त्याचा स्वभाव पहिल्या भावाला पाकीट उघडायचा. "अगं, राहू दे की तेवढं," तो म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा हो," मी म्हणाले.

त्या माणसाने दोन ओळींवर पट्टी लावून सरळ रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेशेजारी माझी सही घेतली. मी खूश होते, लपवत नाही. गाडीत बसल्यावर नवऱ्याला म्हणाले सुद्धा, बघा, फिक्स म्हणत होता.

पहिल्या कॅप्सूलचा दिवस शांतपणे गेला. सकाळी गोळी, छातीला तारा, दर तासाला नाडी आणि रक्तदाब. मी पलंगावरून फोनवर गीझरवाल्याशी भांडत होते. सिस्टर दोनदा म्हणाली, फोन ठेवा, त्याने आकडे चुकतात. चौथ्या तासाला नाडी बावन्नवर आली आणि मग हळूहळू वर चढली. संध्याकाळी पुन्हा आलेख काढला आणि मला सोडलं. जाताना सिस्टरने फाइल चाळली.

"तुमचं काउन्सेलिंग नाहीये ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फाइल मिटली.

ते 'बरं' मला आजही ऐकू येतं. त्या बाईला माहीत होतं की या पेशंटला काय सांगितलेलं नाही. तिला दोन मिनिटं लागली असती. पण यादीत रेघ मारलेली गोष्ट तोंडाने सांगायची तिची पद्धत नव्हती.

मी माझ्या समजुतीने हिशेब केला. पहिल्या दिवशी शरीराची परीक्षा झाली, शरीर पास झालं, विषय संपला. नवीन इमारतीत लिफ्ट बसवली की आधी माणसं येऊन तपासतात, मग ती रोज चालते, तसं. पुढचे आठ महिने मी कॅप्सूल चुकवली नाही. डोकं दुखायचं, सर्दी झाली की हटायची नाही, पांढऱ्या पेशी खाली यायच्या. त्या येणारच, हे औषध त्यांनाच आवरतं, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या महिन्यात डोळे तपासून आले, कारण ती तारीख कार्डावर लिहिली होती. जे जे लिहून दिलं ते ते मी केलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मी निष्काळजी बाई नाही.

औषध रुग्णालयाच्याच दुकानातून घेत होते, कारण तिथे सवलत ठरवून घेतली होती. ते पट्ट्या कागदी पाकिटात घालून द्यायचे. खोकं त्यांच्याकडेच राहायचं आणि खोक्यातला माहितीचा कागदही.

मग सासूबाई गेल्या.

माझं सासर लोणी काळभोरच्या पुढे, रस्ता मोकळा असेल तर हिंजवडीपासून दीड तासावर. त्यांना अर्धांगाचा झटका आला म्हणून फोन आला आणि मी दोन साड्या घेऊन निघाले. संध्याकाळी परत येईन असं वाटलं होतं. कॅप्सूल माझ्या खोलीतल्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. मुलींच्या पीजीत मालकिणीची औषधं उघड्यावर ठेवली की दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांना कळतं, म्हणून हे कुलूप.

चार दिवस त्या दवाखान्यात होत्या. मग गेल्या. नवरा थोरला. दहाव्यापर्यंत त्याला घराचा उंबरा ओलांडता येईना. मी थोरली सून. तेराव्यापर्यंत मी कुठे निघाले असते तर जावांनी ते पुढची वीस वर्षं बोलून दाखवलं असतं. मेसमधल्या मावशींना किल्ली पाठवून गोळ्या मागवता आल्या असत्या. पण त्या घरात दोन खोल्यांत सतरा बायका निजत होत्या. धाकट्या नणंदेला दुसऱ्यांच्या पिशव्या आवरून द्यायची फार हौस. कॅप्सूलच्या पट्टीवरचं नाव तिने तिच्या मुलाला फोनवर शोधायला लावलं असतं आणि चहा होईपर्यंत माझा सांधेवात संपला असता.

नवऱ्याने एकदा मागीलदारी विचारलं, "गोळ्यांचं काय?"

"घरी गेल्यावर घेईन. थोड्या दिवसांनी काय होतंय."

"डॉक्टरांना फोन करू का?"

"काय विचारणार? डॉक्टर, आई गेली, बायकोने गोळी खावी का? तुम्ही आत जा, भटजी आलेत."

थोड्या दिवसांनी काय होतंय. हे मी म्हणाले. ही माझी चूक आहे आणि ती मी कोणाच्या गळ्यात घालत नाही. पण चुकीला आधी नियम लागतो. तो नियम मला माहीत नव्हता.

माझ्या मेसच्या भिंतीवर खाड्याचे नियम मोठ्या अक्षरांत लावलेले आहेत. खाडा म्हणजे ज्या दिवशी डबा नको तो दिवस. एका दिवसाचा खाडा असेल तर आदल्या संध्याकाळी सांगा. सलग सात दिवसांहून जास्त खाडा झाला तर परत येण्याआधी फोन करा, थेट ताटावर बसू नका, कारण तुमच्या नावाचं पीठ भिजवलेलं नसतं. चार पोळ्या कोणासाठी लाटायच्या याचा नियम मी भिंतीवर लावते. ज्याने हृदय बंद पडू शकतं अशा औषधाच्या खाड्याचा नियम रुग्णालयाने कुठे लावला होता?

चौदाव्याचं गोडाचं जेवण उरकून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून मी कपाट उघडलं, कॅप्सूल घेतली आणि मेसमध्ये गेले. दोनेक तासांनी भाजीवाला आला. फ्लॉवर जुना होता आणि तो ताजा म्हणून खपवत होता. मी त्याला सुनावत होते आणि सुनावता सुनावता माझा आवाज मला लांबून ऐकू यायला लागला. जणू छातीवर कोणीतरी हात ठेवून हळू, हळू म्हणत होतं. मग ओट्याची कड हातातून सुटली.

मावशींनी मला खाली बसवलं. "ताई, काय हुतंय? गार पडलाय की हात." आणि भाजीवाल्याला, "तू कशाला हुबा हाय? सायबाला बोलाव."

कंपन्यांच्या बसगाड्या त्या वेळी चौकात अशा अडकलेल्या असतात की चालणारा माणूस पुढे जातो. नवरा हॉर्न वाजवत होता. मी मागच्या सीटवर आडवी होते आणि मोजत होते. मला मोजायची सवय आहे. मनगटावर बोट ठेवून मोजलं तर एक ठोका, मग एवढी मोठी जागा की वाटावं पुढचा येणारच नाही, मग दुसरा.

तातडीच्या विभागात नाडी अडतीस निघाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी तारा लावत विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

मी नाव सांगितलं.

"किती दिवसांपासून?"

"आठ महिने. मध्ये बंद होती. आज सुरू केली."

त्यांचे हात थांबले. "किती दिवस बंद होती?"

"सतरा."

"आणि आज घरी घेतली? मॅडम, दोन आठवड्यांच्या वर बंद राहिली की ही पहिल्या दिवसासारखीच द्यावी लागते. इथे. मॉनिटर लावून. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"काउन्सेलिंगमध्ये सांगतात."

मला काउंटरवरची पट्टी आणि रेघेशेजारची माझी सही आठवली.

त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवलं. सलाइनमधून काहीतरी दिलं आणि नाडी चढली. माझे डॉक्टर आले, हळू बोलले, नजर उचलून बोलले. म्हणाले, अचानक बंद केल्यावर आजार उसळून येऊ शकतो, तोही धोका होता. म्हणजे बंद करणं धोक्याचं आणि सुरू करणंही धोक्याचं. मी दोन्ही धोके पत्करले आणि दोन्हींची मला खबर नव्हती.

"डॉक्टर, तुम्ही मला हे का नाही सांगितलं?"

"सिस्टर सांगतात ना. आपल्याकडे तशी व्यवस्था आहे."

"ती व्यवस्था खाली काउंटरवर पट्टी लावून खोडली."

ते गोंधळले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. समोरच्याचा चेहरा वाचणं हा माझा धंदा आहे. त्यांना वाटत होतं सिस्टर सांगतात. सिस्टरला वाटत होतं पेशंटला नको आहे. काउंटरवाल्याला वाटत होतं तिथे मन मोकळं करतात. आणि डिस्चार्जच्या कागदाला वाटलं, मी नाकारलं.

तो कागद घेऊन मी त्यांच्या तक्रार विभागात गेले. तिथल्या बाई फार सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आपली सही आहे इथे, मॅडम."

"आहे. मी नाही म्हणत नाही. त्या ओळीत काय होतं हे मला कोणी सांगितलं?"

"समुपदेशन असं स्पष्ट छापलंय."

"खाड्यानंतर घरी गोळी घेतली तर नाडी अडतीसवर येते, असं छापलंय का?"

"आपण थोडं शांतपणे बोलू या का?"

"मी शांतच आहे. माझा आवाजच असा आहे."

तिसऱ्या खेपेला त्यांनी सौदा मांडला. समुपदेशन आता विनामूल्य देतील. 'नाकारले' हा शब्द काढून 'झाले नाही' असा करतील. त्याबदल्यात माझी काही तक्रार नाही असं एक पत्र मी द्यायचं. चांगला सौदा होता. असा सौदा मी दुसऱ्या कोणापुढे मांडला असता तर त्याने हसत मान्य केला असता. मी पर्स उचलली आणि उठले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी उतरून भाव सांगत होतं आणि मी पुढचा आकडा बोलले नाही.

कारण माझ्या कागदावरचा शब्द बदलला असता, खालच्या यादीतली ओळ तशीच राहिली असती.

मी दुकानात जाऊन खोकं मागितलं. मिळालं नाही. बाहेरच्या दुकानातून पूर्ण खोकं विकत घेतलं आणि आतली घडी उलगडली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. भिंग लावून दोन संध्याकाळी वाचली. मी भाडेकरार असे वाचते, ओळ अन् ओळ. त्यात होतं सगळं. पहिल्या महिन्यातले खाडे वेगळे, नंतरचे वेगळे. नंतर दोन आठवड्यांच्या वर गेलं की पुन्हा पहिला दिवस. साधं वाक्य आहे. मावशींनाही एकदा सांगितलं तर पाठ होईल.

आणि दोन आठवडे म्हणजे किती? आमच्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस घर सोडता येत नाही. त्याच्या आधी आजारपणाचे चार-सहा दिवस असतातच. या शहरात असं एकही घर नाही जिथे कधी ना कधी हे दिवस येणार नाहीत. पुण्यात बसून पुण्याच्या माणसांना हे औषध देताना एकालाही सुचलं नाही की बाई, घरात दुःख झालं तर गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा?

माझी चूक मी दोनदा सांगितली आहे, तिसऱ्यांदा सांगते. मी घासाघीस केली. आमच्याकडे एखादी मुलगी म्हणते, काकू, मला गीझर नको, भाडं कमी करा. मी करते. गीझर सोडता येतो. पण गॅसची नळी गळते आहे का हे बघणं नको, मग भाडं कमी करा, असं कोणी म्हणालं तर मी तिला दारातून परत पाठवीन. काय विकाऊ आहे आणि काय नाही, हे ठरवायचं काम विकणाऱ्याचं असतं. ते मला बारा डब्यांच्या वेळेपासून कळतं. एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीला कळू नये?

मी औषध अजून घेते. पुन्हा सहा तास पडून, तारा लावून सुरू केलं. पट्टी आता पर्समध्ये असते, कपाटात नाही. नणंदेलाही मी स्वतःच सांगितलं, फोन करून, नावासकट. तिने ते सगळीकडे पोचवलं असणार. घरमालकाने भाड्याचा विषय काढला तेव्हा मी त्याच्याकडे पाय करून बसले आणि म्हणाले, बघून घ्या आणि बोला. त्याने जुनंच भाडं लिहिलं.

गेल्या आठवड्यात रक्त द्यायला गेले तेव्हा काउंटरवर एक नवरा-बायको उभे होते. बाई पस्तिशीची, हातात काठी. नवरा यादीवर बोट फिरवत होता.

"हे समुपदेशन लागतंय का ओ?" त्याने विचारलं.

"ऑप्शनल आहे, सर," तोच माणूस, तीच पट्टी.

मी मध्ये हात घातला आणि यादीवर ठेवला. "हे काढायचं नाही," मी त्या बाईला म्हणाले. "बाकी सगळ्यावर भांडा. आहारतज्ज्ञ काढा, मी सांगते म्हणून. पण हे ठेवा आणि आत गेल्यावर विचारा की गोळी चुकली तर काय करायचं. दोन दिवस चुकली तर काय, पंधरा दिवस चुकली तर काय. लिहून घ्या."

"मॅडम, आपण कोण?" काउंटरवाल्याने विचारलं.

"तुमची पेशंट. अडतीस नाडीवाली."

त्याने पट्टी खाली ठेवली. एवढंच झालं. यादी बदललेली नाही, ओळ तिथेच आहे, तिच्यापुढे ऑप्शनल तसंच छापलेलं आहे.

मला पैसे नकोत, माफी नको, मोफत समुपदेशन तर मुळीच नको. त्या ओळीपुढे तो शब्द कोणीतरी एका दिवशी टाइप केला आणि कोणीतरी त्यावर सही केली. डॉक्टरांनी नाही, सिस्टरने नाही, पट्टीवाल्याने नाही, असं सगळे सांगतात. मग कोणी? त्या माणसाने खाली काउंटरवर यावं, माझ्यासमोर उभं राहावं आणि सांगावं की माझ्या नाडीचे कुठले ठोके ऑप्शनल होते. माझ्या कागदावरची दोन वाक्यं त्याच्या सहीने खोडली जाईपर्यंत मी दर सोमवारी तिथे जाणार आहे.